एकेचाळीस

विसपुते सरांनी नकाशा आणला चौकटीच्या वहीत,
पेन्सिलने, फूटपट्टी लावून.
टेम्पो ट्रॅव्हलर, पांढरी, सेकंडहँड.
पुढे ओटा, मधे घडीचं टेबल, मागे आडवा पलंग,
आणि उशाशी, जिथे मागची खिडकी येते,
तिथे कपाट. शालनताईंच्या साड्यांसाठी.

मी म्हटलं, कपाट नाही होणार.
ते म्हणाले, पैसे मी देतोय.
हो, पण खिडकी मी देतोय.

अंबडला माझ्या शेडच्या मागे एक सांगाडा उभा आहे.
भंगारवाला दोनदा बघून गेला. दिला नाही.
छताचा फोम वितळून ठिबकला
तो तसाच थिजलाय, काळा, काकवीसारखा.
शेगडी दाराशी होती, म्हणून आगही दाराशी.
आणि मागच्या खिडकीला मच्छरजाळी,
आठ स्क्रू, आतून, एका रेषेत.
नीट काम. मन लावून केलेलं.
माणसं निघाली पुढची काच फोडून.
निघाली म्हणजे,
निघाली.

रविवारी दोघांना बोलावलं.
तौफिकने काचांवर गोधड्या टाकल्या, आत अंधार केला.
मी बाहेरून ओरडलो : झोपा. डोळे मिटा.
आता दार नाही. दाराकडे जाळ आहे असं धरा.
आतून ताई : असं कसं धरायचं?
अजून घरून निघालोय कुठे!

मग घड्याळ लावलं.
सर आधी चष्मा शोधत बसले.
मग मोबाइल.
मग ताईंना म्हणाले, तू हो पुढे,
आणि स्वतःच आडवे आले.
कडी गंजलेली नव्हती, फक्त नवी होती,
नव्या कडीला हात ओळखत नाही.
पदर अडकला. गुडघा कुरकुरला.
एकेचाळीस सेकंद.

तेवढ्या वेळात प्लायवूडचं काय होतं
ते मी सांगितलं नाही.
दोघांना मागे नेलं, दाखवलं.
सर बराच वेळ स्क्रू मोजत राहिले.
कुणी बसवली हो ही जाळी?
तौफिक खाली बघायला लागला.
मी म्हटलं, मीच.

त्यानंतर कपाटाचा विषय निघाला नाही.

खिडकी नऊ इंच खाली घेतली, ताईंच्या गुडघ्याच्या मापाने.
कडी काढली. लाल हँडल लावलं,
कोपराने ढकललं तरी उघडणारं.
जाळी राहिली, पण चुंबकाच्या पट्टीवर,
डास अडेल, माणूस अडणार नाही.
बाहेरून एक पायरी.
आग विझवायचा सिलिंडर ओट्यामागून काढून पलंगाच्या पायथ्याशी.
गॅसचा भोंगा घोट्याच्या उंचीवर,
कारण हा गॅस पाण्यासारखा खाली साचतो,
वर झोपलेल्या नाकाला उशिरा कळतो.
चष्म्याला दोरी. दोरी हँडलच्या शेजारच्या खिळ्याला.
मोबाइलला काही नाही. मोबाइल जळू दे.
साड्या पलंगाखाली गेल्या, चार, सुती.
बाकीच्या घरीच बऱ्या, असं ताईच म्हणाल्या.

पुन्हा गोधड्या. पुन्हा अंधार.
ताई आधी. खडीवर उतरल्या, चार पावलं लांब गेल्या,
मागे वळल्या नाहीत, जसं सांगितलं होतं तसं,
आणि पाठमोऱ्याच हाक मारली :
अहो, या!
एकोणीस.
सर धापा टाकत म्हणाले, अजून एकदा.
अजून एकदा म्हणता म्हणता चहा गार झाला,
तौफिकचा जुम्म्याचा सदरा खडीने मळला,
शेजारच्या लेथवाल्याची पोरं भिंतीवर बसून आकडे ओरडायला लागली.

गुरुवारी गाडी गेली.
पहिला मुक्काम गंगापूरच्या बॅकवॉटरला,
सावरगावच्या बाजूला, द्राक्षाच्या मळ्याखाली.
मला रात्री झोप नव्हती, म्हणजे नेहमीसारखीच.
सकाळी मेसेज आला, ताईंचा,
सोबत धुक्याचा एक फोटो, त्यात पाणी नीट दिसत नव्हतं :

पिठलं केलं. गॅस खालून बंद केला.
रात्री तीनदा उठून हँडल चाचपलं.
गार होतं.